कर्ज न काढता टप्प्याटप्प्याने घर : दारव्ह्यात आधी शेड, मग जोता, मग स्लॅब

प्लॉट घेऊन पाच-सहा वर्षे झाली, हप्ते कधीच फिटले, पण घर काही उभे राहत नाही. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी या भागातल्या आपल्या मोहल्ल्यांत ही गोष्ट घरोघरी ऐकू येते. कारणही बहुतेक सारखेच असते. बँकेचे कर्ज व्याजाचे, म्हणून घ्यायचे नाही, आणि एकरकमी पैसा हातात नाही. मग कोणी घाईने काम काढतो, भिंती खिडकीपर्यंत चढतात, पैसा संपतो आणि दोन पावसाळे त्या भिंतींवर शेवाळ चढते. नंतर पुन्हा काम सुरू करताना अर्धे तोडूनच सुरुवात करावी लागते.

टप्प्याटप्प्याने घर बांधणे चुकीचे नाही. आपल्या वाडवडिलांनी बहुतेक घरे अशीच बांधली. पण कुठे थांबता येते आणि कुठे अजिबात थांबता येत नाही, हे आधी ठरवावे लागते. तो हिशेब आम्ही इथे मांडत आहोत. उदाहरणासाठी ३० बाय ५० फुटांचा प्लॉट धरला आहे, कारण आपल्याकडच्या लेआउटमध्ये हा आकार नेहमीचा आहे. त्यावर ५५० चौरस फुटांचे घर (दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम) आणि घरापासून वेगळे १० बाय १८ फुटांचे गाडीचे शेड. दारव्ह्यात 'गॅरेज' म्हटले की लोकांना मिस्त्रीचे दुकान आठवते, म्हणून आम्ही शेडच म्हणतो.

आधी जागा कोणाच्या नावावर?

सिमेंटचा भाव विचारण्याआधी हा प्रश्न विचारा. बहुतेक ठिकाणी प्लॉट अब्बांच्या नावावर असतो आणि बांधतो एक मुलगा, जो दुबईत किंवा पुण्यात कमावतो तो. अब्बा हयात असेपर्यंत कोणी काही बोलत नाही. त्यांच्या इंतकालानंतर वाटणीची वेळ येते. मुस्लिम कायद्यात मुलाला जन्मापासून वडिलांच्या मालमत्तेत हक्क नसतो. वडील हयात असेपर्यंत तेच मालक, आणि त्यांच्यानंतर सगळे वारस आपापल्या हिश्श्याने मालक होतात : मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, आणि मुलीला मुलाच्या निम्मा. वरचे बांधकाम माझ्या पैशाचे आहे, हे सांगायला कागद नसेल तर भावाभावांत कोर्टकचेरी होते, आणि त्यात सगळ्यात आधी बहिणीचा हक्क दाबला जातो. हे आम्हाला स्पष्ट लिहावेसे वाटते, कारण 'तिचे तर लग्नात दिले' हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. लग्नातला खर्च हा विरासतीचा हिस्सा नव्हे.

उपाय दोन. अब्बांनी हयातीतच ती जागा हिबा करून द्यावी. हिबा म्हणजे देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि प्रत्यक्ष ताबा देणे. तोंडी हिबाही कायद्यात चालतो, पण पुढच्या भांडणात तोंडी गोष्ट सिद्ध करणे अवघड जाते. नोंदणी केलेला कागद आणि नगरपरिषदेच्या दप्तरी नाव बदलणे हे दोन्ही करून घ्या. किंवा मग जागा सगळ्यांची ठेवून, बांधकामाचा खर्च कोणाचा हे सगळ्या भावंडांच्या सहीने, दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवा. बीवीचे दागिने मोडून स्लॅब पडणार असेल तर तेही लिहा. ते सोने तिचे आहे, मेहरचे असेल तर नक्कीच. ती रक्कम घराला दिलेले कर्ज आहे की घरातला हिस्सा, हे तिला विचारूनच ठरवा.

परवानगी आणि घरकुल

राज्याची एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून नगरपरिषदांनाही लागू आहे. तीत छोट्या प्लॉटसाठी काम सोपे केले आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नियमात बसणारा नकाशा, कागदपत्रे आणि शुल्क भरून नगरपरिषदेला सूचना द्यायची असते; १५० ते ३०० चौरस मीटरला परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगीची तरतूद आहे. आपला ३० बाय ५० चा प्लॉट १५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १३९ चौरस मीटर होतो, पहिल्या गटात बसतो. पण त्यासाठी लेआउट मंजूर हवा. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर आधी नगरपरिषदेत जाऊन तो नियमित झाला आहे का ते पाहा.

शेडही नकाशात दाखवा. 'टिनाचे तर आहे, त्याला काय परवानगी' असे म्हणून शेड थेट कंपाउंडला चिकटवले जाते आणि मग शेजाऱ्याची तक्रार येते. घराभोवती सोडायची मोकळी जागा शेडलाही विचारात घ्यावी लागते. कोपरा कोणता घ्यायचा ते इंजिनिअरकडून नकाशावरच ठरवून घ्या.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख रुपये अनुदान मिळते. हे कर्ज नाही, व्याजाचा प्रश्नच येत नाही. अटी अशा : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्के घर नसावे, आणि योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीत घराचे चटई क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर. ४५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ४८४ चौरस फूट. आपले ५५० चौरस फूट बांधकाम भिंती वजा जाता या मर्यादेत बसवता येते, पण नकाशा काढतानाच इंजिनिअरला तसे सांगावे लागते. अनुदान टप्प्याने येते, प्रत्येक टप्प्याचा जिओटॅग फोटो काढून. म्हणजे आधी खर्च आपला, मग हप्ता. मंजुरी येण्याआधी काम सुरू करू नका. घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याचे राज्याचे धोरण आहे, वाहतूक मात्र आपली. तहसील कार्यालयात त्यासाठी वेळेत अर्ज करावा.

सर्वात आधी शेड

लोक शेड सगळ्यात शेवटी बांधतात, पैसे उरले तर. आमचे मत उलटे आहे. वेगळे शेड बांधायचेच असेल तर ते पहिले बांधा.

कारण काम वर्षानुवर्षे चालणार आहे. तेवढा काळ सिमेंट, सळई, पाइप, मिस्त्रीची अवजारे ठेवायला कुलूपबंद जागा लागते. पुढे भाड्याच्या घराचा करार संपला आणि नवे घर अर्धवट असले, तर पाच-सहा महिने त्याच शेडमध्ये राहून भाडे वाचवता येते. अनेक कुटुंबांनी ते केले आहे. बकरी ईदच्या आधी बकरे बांधायला जागा होते, हेही आहेच. घर झाल्यावर गाडी आत येते.

शेडसाठी लोखंडी पाइपचे खांब, वर टिनपत्रे, तीन बाजूंनी चार इंची भिंत आणि समोर शटर किंवा लोखंडी गेट पुरते. छोटा मालवाहू टेम्पो पावणेचार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असतो. १० बाय १८ फुटांत तो उभा राहून बाजूने माणूस फिरू शकतो. खांब काळ्या मातीत नुसते रोवू नका, मुरुमापर्यंत खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये बसवा. चैत्र-वैशाखातल्या वादळात आपल्याकडे पत्रे उडतात ते खांबांच्या नाही तर हुकांच्या कंजुषीमुळे. प्रत्येक पत्र्याला पुरेसे जे-हुक लावा. विजेचा एक १६ अँपिअरचा पॉइंट आजच काढून ठेवा, ई-रिक्षा किंवा इलेक्ट्रिक स्कूटर आज नाही तर उद्या येणारच. मात्र या शेडमध्ये दुरुस्तीचे किंवा वेल्डिंगचे दुकान टाकणार असाल तर महावितरणचे घरगुती मीटर चालत नाही, व्यावसायिक घ्यावे लागते.

सिमेंट ठेवताना खाली फळ्या टाकून जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून दोन फूट दूर, आणि दहा गोण्यांपेक्षा उंच थप्पी नको. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट स्लॅबला वापरू नका. स्वस्त मिळाले म्हणून मार्चमध्ये शंभर गोण्या घेऊन दिवाळीनंतर वापरणे हा तोट्याचा सौदा.

काळी माती

ज्या काळ्या मातीतल्या कापसासाठी इंग्रजांच्या काळात शकुंतला रेल्वे यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरपर्यंत धावली, ती माती घराच्या पायाला फार वाईट. उन्हाळ्यात ती फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात फुगते आणि वर उचलते. घर एका बाजूने उचलले, दुसऱ्या बाजूने बसले की दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. ती भेग कितीही वेळा बुजवली तरी पुढच्या वर्षी परत येते.

त्यामुळे खर्चात काटकसर करायची तर ती पायात करू नका. फरशी नंतर बदलता येते, पाया नाही. खड्डा भेगांच्या खोलीच्या खाली, शक्यतो मुरूम लागेपर्यंत घ्या. मुरूम कुठे पाच फुटांवर लागतो, कुठे दहा फुटांवरही लागत नाही. म्हणून बजेट करण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने चाचणी खड्डे घ्या. माती फारच खोल असेल तर इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल सुचवेल. बुडाशी फुगा असलेले हे खांब रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केले. सगळे कॉलम प्लिंथ बीमने बांधा. जोत्यात भराव मुरुमाचाच, खड्ड्यातून निघालेली काळी माती आत टाकू नका. मिस्त्री म्हणेल, 'फेकायला ट्रॅक्टरचे पैसे कशाला?' तिथे ऐकू नका. घराभोवती तीन फूट रुंद काँक्रीटचा उतारदार पट्टा करा, म्हणजे पावळीचे पाणी पायाशी मुरणार नाही.

शोषखड्डाही याच मातीत अडतो. काळी माती पाणी शोषत नाही, पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरतो. सेप्टिक टाकीच्या पाण्यासाठी नाली किंवा मोठा शोषखड्डा लागेल, आणि तो विहीर-बोअरपासून १८ मीटर तरी दूर असावा. ३० बाय ५० च्या प्लॉटमध्ये हे अंतर कर्णावर मोजले तरी पूर्ण निघत नाही, दोन्ही गोष्टी समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवल्या तरी थोडे कमीच पडते. शेजाऱ्याचा बोअर कुठे आहे तेही पाहा. बोअर मारण्याआधी हे ठरवा. टाकी शेडच्या वाटेत येत असेल तर तिच्या झाकणावरून गाडी जाणार आहे हे सांगून त्याप्रमाणे लोखंड टाकून घ्या.

नकाशा चालू असतानाच संडासाची बैठक उत्तर-दक्षिण ठेवायला सांगा. दारव्ह्यातून किब्ला पश्चिमेला, आठ-नऊ अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. तोंड किंवा पाठ तिकडे होऊ नये. हे नंतर बदलायला फरशी, पाइप, सगळे उकरावे लागते. वुजूसाठी मोरीत बसता येईल असा कट्टा आणि खालचा नळ याच वेळी सांगावा. बैठकीची खोली रस्त्याच्या बाजूने वेगळ्या दाराची केली तर आतल्या बायकांचा पडदाही राहतो आणि पाहुण्यालाही अवघडल्यासारखे होत नाही.

मालाचा हिशेब

इंजिनिअर नेमका अंदाज देईलच, पण आपल्याकडे ढोबळ आकडा असावा. आरसीसी घराला दर चौरस फुटाला सुमारे ०.४ गोणी सिमेंट, ४ किलोपर्यंत लोखंड, १.८ घनफूट रेती आणि १.३५ घनफूट गिट्टी लागते. ५५० चौरस फुटांना २२० गोण्या सिमेंट, २२ क्विंटल लोखंड, १० ब्रास रेती, साडेसात ब्रास गिट्टी. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की टेपने लांबी, रुंदी, उंची मोजून घ्या. खोल काळ्या मातीत पायाचा माल यापेक्षा वाढेल.

भावातला चढउतार या आकड्यांवरून लगेच कळतो. लोखंड किलोमागे ५ रुपयांनी चढले तर ११,००० रुपयांचा फरक पडतो, सिमेंट गोणीमागे २० रुपयांनी चढले तर ४,४०० चा. म्हणजे भावासाठी घासाघीस करायची तर आधी लोखंडाच्या दुकानात. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुन्या अंदाजपत्रकावर काम करत असाल तर तो भाग नव्याने काढा. सळई नगावर घेऊ नका, काट्याची पावती घ्या. १२ मीटरच्या ८ एमएमच्या सळईचे वजन ४.७ किलो, १० एमएमचे ७.४, १२ एमएमचे १०.७ किलो यायला हवे. थोडा फरक चालतो, फार कमी भरली तर माल हलका आहे.

सांगाड्याला जेवढा पैसा लागतो, जवळपास तेवढाच पुढे छपाई, फरशी, दारे-खिडक्या, लाइट फिटिंग, नळ आणि रंगाला लागतो. हे लोकांना खरे वाटत नाही. स्लॅब पडला की घर झाले असे समजून दावत दिली जाते आणि मग तीन वर्षे विटा उघड्या राहतात. शिवाय एकूण रकमेच्या १० टक्के बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका.

मिस्त्रीशी मजुरीचा ठेका चौरस फुटावर होतो. छज्जा, माळा, जिना, पाण्याची टाकी, पॅरापेट हे त्यात धरले की वेगळे, हे कागदावर लिहा. सगळे वाद याच पाच गोष्टींवर होतात. आगाऊ रक्कम कामाच्या पुढे जाऊ देऊ नका. मिस्त्री आपल्याच बिरादरीचा असेल तरी लिहा. उलट तेव्हा जास्त लिहा. आणि त्याचे भलेही पाहा : वर्षात ९० दिवस बांधकाम केलेला १८ ते ६० वयाचा कामगार राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करू शकतो. अनेक मिस्त्री अजून नोंदलेले नाहीत.

कुठे थांबायचे

काम थांबवायच्या सुरक्षित जागा दोनच. पहिली जोता : प्लिंथ बीम झाला, मुरूम भरून ठोकला, वर पातळ काँक्रीट टाकले, की एक-दोन पावसाळे बिनधास्त जाऊ द्या. उलट मुरूम बसायला मदतच होते. दुसरी जागा स्लॅब : स्लॅब, त्यावर उताराचे काँक्रीट आणि पॅरापेट झाले की आत पाणी येत नाही.

कुठे थांबायचे नाही? खड्डे खणून ठेवून. पावसात काळी माती आत ढासळते, तळ भिजून मऊ होतो आणि पुन्हा खणावे लागते. आणि भिंती उभ्या करून छताशिवाय, हे आपण सुरुवातीला पाहिलेच. म्हणून जोत्यापर्यंतचा पूर्ण पैसा हातात असल्याशिवाय खड्डा खणू नका, आणि स्लॅबपर्यंतचा असल्याशिवाय पहिली वीट लावू नका. वर मजला चढवायचा विचार असेल तर कॉलमच्या सळया वर सोडल्या जातात. त्यांना सिमेंटचे घट्ट पाणी लावा किंवा हलक्या काँक्रीटने झाका, नाहीतर पाच वर्षांत गंजून निकामी होतात.

आपल्याकडे पैसा सोयाबीन-कापूस निघाल्यावर, दिवाळीच्या पुढे येतो, आणि बांधकामाला तोच काळ चांगला. नोव्हेंबरमध्ये खड्डे, डिसेंबरअखेर जोता. पुढच्या वर्षी त्याच काळात भिंती आणि स्लॅब. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. रोजेदार मिस्त्री दुपारनंतर थांबतात, त्यामुळे स्लॅब त्याआधीच उरकलेला बरा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ ला जातो आणि टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते. ५५० चौरस फुटांच्या स्लॅबवर आळे करून दोन इंच पाणी भरायचे तर एकदाच अडीच हजार लिटर लागते, आणि तराई साध्या सिमेंटला किमान ७ आणि पीपीसीला १० दिवस तरी हवी. पाच इंची स्लॅबचे काँक्रीट साडेसहा घनमीटर होते, १:१.५:३ प्रमाणाला ५२ गोण्या, बीम धरून सत्तरच्या आसपास. एवढ्या गोण्या शेडमध्ये मोजून ठेवल्याशिवाय मजूर बोलावू नका. टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे ७ दिवसांनी आणि बीमचे १४ दिवसांनी काढता येतात असे भारतीय मानक सांगते; पीपीसी असेल तर आणखी थांबा.

पैसा उभा करताना

भिशीत आपला नंबर स्लॅबच्या महिन्यात यावा अशी आधीच बोलणी करा. भिशी चिठ्ठीची असावी. बोली लावून कमी रकमेत उचलण्याच्या भिशीत व्याजाचाच प्रकार येतो, तिच्यापासून लांब राहा. कर्ज-ए-हसना घेताना रक्कम, तारीख आणि परतीची मुदत लिहून दोन साक्षीदार घ्या. कुराण शरीफमध्ये सूरह बकरच्या २८२ व्या आयतीत उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, आणि तरी 'घरातलेच आहे, लिहायचे काय' म्हणून आपण टाळतो.

घरासाठी साठवलेली रक्कम निसाबच्या वर असेल आणि चांद्र वर्ष पूर्ण झाले तर बहुतेक उलमांच्या मते तिच्यावर अडीच टक्के जकात आहे. ३ लाखांवर ७,५००. राहण्यासाठी घेतलेला प्लॉट आणि त्यावर लावण्यासाठी आणलेला माल यांच्यावर जकात नाही. नफ्याने विकण्यासाठी घेतलेल्या प्लॉटवर बाजारभावाने आहे. डोक्यावर कर्ज असेल तर किती वजा करायचे, हे आपल्या मुफ्ती साहेबांना रकमेसह विचारा. जकातीची रक्कम बजेटच्या वहीत सिमेंट-लोखंडासारखी वेगळ्या ओळीत लिहून ठेवली तर ऐन रमजानमध्ये धावपळ होत नाही.

वही एकच ठेवा, आणि सगळ्या पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या, मिस्त्रीच्या सह्या एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये. पाइप आणि वायर भिंतीत गेल्यावर छपाईआधी मोबाइलवर प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. दहा वर्षांनी खिळा ठोकताना तो फोटो शोधावा लागतो.